'पडीक' कशाला म्हणायचं? तणमोर आणि वऱ्हाडचा माळ

आजचा विषय एका पक्ष्याचा आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. तेव्हा पक्ष्याइतकंच एका शब्दाबद्दलही बोलणं होईल. तो शब्द आहे 'पडीक'.

अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात ग्राउस कुळातले पक्षी राहतात. विणीच्या दिवसांत नर मोकळ्या जागी येतात, नाचतात, आवाज काढतात आणि माद्या त्यांच्यातून जोडीदार निवडतात. हे कुळ आपल्या माळावर नाही. मात्र गवतात नाच करून मादीला बोलावणारा एक पक्षी आपल्याकडे आहे, तो म्हणजे तणमोर. कुळाने हा माळढोकाचा धाकटा भाऊ. वजन जेमतेम अर्धा किलो, आणि नरापेक्षा मादी मोठी.

पाऊस पडला, गवत वर आलं की नर काळा-पांढरा होतो. डोक्यामागे लांब, टोकाशी रुंद झालेली पिसं येतात. आता एवढ्याशा पक्ष्याने गवतात स्वतःला दाखवायचं कसं? तर तो जागच्या जागी पुरुषभर उंच उडी मारतो, पंख फडफडवतो आणि खाली येतो. दिवसातून पाचशेच्या वर उड्या मोजल्या गेल्या आहेत! मादी जमिनीवरच तीन-चार अंडी घालते, एकटीच उबवते. तीनेक आठवड्यांत पिल्लं निघतात. म्हणजे जुलै ते सप्टेंबर गवत जागेवर उभं पाहिजे. त्याचं सगळं मागणं एवढंच.

आता इतिहासाकडे येऊ. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. आपला जिल्हा पुढे 'वणी' म्हणून ओळखला जाई. 'यवतमाळ' हे नाव त्याला १९०५ साली मिळालं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. पाठोपाठ रेल्वे आली. पुढे आपली 'शकुंतला' यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला कापूस वाहू लागली. जमिनीची मोजणी झाली, प्रतवारी झाली. कर देणारी जमीन ती जमीन, न देणारी ती पडीक. गवताचे काही रमणे राखले गेले, पण गुरांसाठी आणि चाऱ्याच्या उत्पन्नासाठी. तणमोराचा रकाना कोणत्याच दप्तरात नव्हता. साहेब लोकांना तो ठाऊक होता तो शिकार म्हणून. नाचणारा नर गवताच्या वर स्वतःच येतो, म्हणजे आयतंच सावज.

त्या माळाला ओळखणारे खरे जाणकार फासेपारधी. १८७१ च्या कायद्याने अशा भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायची सोय करून ठेवली, आणि तो डाग कागदावरून पुसायला १९५२ उजाडावं लागलं. बघा, एकाच राज्यव्यवस्थेने जमिनीला 'पडीक' म्हटलं आणि तिच्यावर जगणाऱ्या माणसाला 'गुन्हेगार'. दोन्ही शब्दांमागचा तर्क एकच होता: जे वहीत बसत नाही ते निरुपयोगी.

स्वातंत्र्यानंतर तो तर्क गेला का? नाही गेला. टिपेश्वर आणि पैनगंगा ही आपल्या जिल्ह्यातली अभयारण्यं, दोन्ही झाडांच्या जंगलाची. गवत राखलं पाहिजे ही कल्पना त्या मानाने नवी; शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळला काळविटांसाठी अभयारण्य झालं, तेवढाच दिलासा. बाकी ई-क्लास जमीन दिसली की कुणी तिथे झाडं लावतो, कुणी मुरूम उपसतो. गवताच्या जागी झाडं लावली की हिरवळ वाढते, पण तणमोर जातो.

आकडे सांगतो. देशात १९९९ च्या सुमारास तणमोरांचा अंदाज ३,५३० होता; २०१८ पर्यंत तो ७०० च्याही खाली आला. २०२१ साली जागतिक यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

नुसतं कुंपण घालून भागतं का? अमेरिकेत ग्राउसची 'हीथ हेन' नावाची एक उपजात होती. १९०८ साली एका बेटावर तिच्यासाठी राखीव जागा केली. संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. १९१६ साली ऐन विणीत वणवा लागला, पुढे थंडी, ससाणे, रोग. १९३२ साली शेवटचा नर दिसला, एकटाच. एकाच जागी सगळे पक्षी असले की एक आपत्तीही पुरते. म्हणून एका मोठ्या राखीव जागेसोबत गावोगावचे लहान माळही टिकले पाहिजेत.

इथे एक रास्त प्रश्न येतो. ज्याला गुंठाभर जमीन नाही, तो गायरान कसतो. त्याला पक्ष्यासाठी उठवायचं का? आमचं उत्तर 'नाही' असं आहे. पण त्याच माणसाची शेळीही त्याच गवतावर जगते, हे विसरू नये. आणि विष तर दोघांनाही सारखंच लागतं. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. महिने तेच, तणमोराच्या विणीचे. माणूस आणि पक्षी यांची बाजू वेगळी आहे असं म्हणणाऱ्यांनी हे कॅलेंडर एकदा उघडून पाहावं.

अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेबरोबर फासेपारधीच आज तणमोर राखायला उभे राहिलेत. ज्याच्या हातात फास होता त्याच्याच डोळ्यांना पक्षी आधी दिसतो. कारंजा ओलांडलं की दारव्हा तालुका, आपला जिल्हा. आपण काय करू शकतो? ग्रामसभेत ई-क्लासचा विषय येतो तेव्हा एवढं म्हणावं, की गवत दसऱ्यानंतर कापू, त्यात खड्डे खणून रोपं लावू नका, आणि ठरावात 'पडीक' न लिहिता 'गवताळ' लिहा. एका शब्दाने काय होतं, असं वाटेल. दीडशे वर्षांत एका शब्दाने काय झालं, ते आत्ताच पाहिलं आपण.