शिंदीबनावरील कुऱ्हाड

बीड जिल्ह्यात ‘शिंदी’ हा शब्द झाडालाही आहे आणि त्याच्या रसालाही. वसई-गोव्याकडील आपल्या कुटुंबांना ताडाची व माडाची ताडी ठाऊक असते. शिंदी ही रानखजुरी. मांजरा-सिंदफणेच्या खोऱ्यांत ओढ्याकाठी आपोआप उगवणारी. ताड-माडाचा रस फुलोऱ्याच्या कोंबातून पाझरतो, शिंदीचा मात्र शेंड्याखालचे खोड तासून काढावा लागतो. सायंकाळी खाच ताजी करून मडके अडकवायचे, पहाटे उतरवायचे. पुढल्या हंगामात खाच उलट्या बाजूस. त्यामुळे जुने खोड नागमोडी दिसते, आणि खाचा मोजल्या की ते झाड किती हंगाम तासले गेले हे कळते.

पहाटेचा रस गोड असतो, ती नीरा. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर ती काही काळ टिकते. नसेल तर किण्व कामाला लागते आणि ऊन चढेपर्यंत रस आंबूस, फेसाळ होतो. त्यात मद्यार्क फार तर चार-पाच टक्के. दुपारनंतर तो कडक लागतो, आणि एक-दोन दिवसांत त्याचा शिरका होतो. म्हणून जाणता पिणारा सकाळीच बनात जाई. फुटाणे नाही तर काही तिखट सोबत घेई आणि झाडाखाली बसून सावकाश घोट घेई. आपल्या घरची सान्ना फुगते तीही याच फेसाने. पोर्तुगीज अमदानीत गोव्याचे पाववाले पीठ फुगवण्यासाठी माडाची सूरच वापरीत. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या सुरेची नोंद करून ठेवली आहे.

बीडच्या शिंदीचे नाव इतिहासात आले ते तिजोरीच्या निमित्ताने. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि आबकारी हा त्या राज्याच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार होता. झाडागणिक कर असे, दुकानांचे लिलाव होत आणि गुत्तेदार त्यांवर बोली लावीत. ‘गुत्तेदार’ हा शब्द आजही मराठवाड्यात ठेकेदाराला लावतात. झाड गावचे, श्रम तासणाऱ्याचे, पैसा मात्र हैदराबादेस, असा हा मामला होता.

त्या पैशावर घाव घालण्याचे ठरले ते १९४७ मध्ये. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली हिप्परग्याहून अंबाजोगाईस आले होते; त्या वेळी गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. तेथे शाळा चालवता चालवता ते राजकारणात ओढले गेले. त्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतीय संघराज्यात सामील होण्यासाठी लढा पुकारला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली, पण लढा थांबला नाही. झेंडे लागले, करोडगिरीचे नाके जळाले, आणि शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह सुरू झाला. झाड पडले की त्याचा कर बुडाला, इतका सरळ हिशोब.

आम्ही या लढ्याचा आदर करतो. रझाकारांच्या धाकात हाती कुऱ्हाड घेऊन बाहेर पडणे हे लहान धैर्य नव्हते. तरी या हिशोबात एक माणूस राहून गेला असे आम्हांस वाटते. गुत्तेदाराला दुसरा गुत्ता मिळू शकत होता. कमरेला दोर बांधून झाडावर चढणाऱ्याला दुसरे झाड कोठून मिळणार? शिंदी रस देऊ लागायला वर्षे जातात. मुक्तिसंग्रामाच्या कथांत झाडे तोडणाऱ्यांना मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. तासणाऱ्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे येथेही लागू झाला. त्यात ताडी मद्यात गणली आहे. नीरेची गोष्ट वेगळी. गांधीजींनी तिचा आणि ताडगुळाचा आग्रहाने पुरस्कार केला होता, पण काही तासांत आंबणारा रस पहाटे बनातून दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत गोड पोहोचवणे सोपे नव्हते, आजही नाही.

झाडे विरळ झाली, तरी गिऱ्हाईक राहिले. मग पाण्यात क्लोरल हायड्रेट नावाचे गुंगीचे औषध कालवून त्याला ताडी म्हणू लागले. महाराष्ट्रात अशा बनावट ताडीवर पोलिसांनी वेळोवेळी छापे घातले आहेत. ती पिणाऱ्यांत मजुरी करणारे बहुत असतात. त्या पेल्यात झाडाचा थेंबही नसतो.

ओढ्याकाठी एखादी शिंदी अजून दिसते. तिच्या खोडावरच्या जुन्या खाचा वरवर येत कोठे थांबल्या आहेत, ते खालून स्पष्ट दिसते.