गरोदरपणातील दंतआरोग्य (पेण व रोहा तालुके, जि. रायगड)

दिवस राहिल्यावर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वाढतात आणि दातांवर साचलेल्या थराचा हिरड्यांना एरवीपेक्षा जास्त त्रास होऊ लागतो. साधारण दुसऱ्या महिन्यापासून त्या लाल होतात, सुजतात, घासताना रक्त येते. आठव्या महिन्यापर्यंत हे वाढते व बाळंतपणानंतर बहुधा ओसरते. क्वचित हिरडीवर लाल, मऊ गाठ येते. ती कर्करोगाची नसते.

रक्त दिसले की बाई ब्रश बाजूला ठेवते, आणि कोकणातल्या खेड्यापाड्यांत, पेण-रोह्यातही, त्याची जागा पुष्कळदा मशेरी घेते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड बोटाने हिरड्यांवर चोळतात. तिने ठणका दबतो, मळमळ थांबते असा समज आहे. मग सकाळची एक वेळ दिवसातून तीन-चार वेळांवर जाते. मशेरीला घरात दंतमंजनाचा मान आहे, खरी अडचण तीच. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. ‘मशेरी लावता का?’ असेच विचारावे लागते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. या वापरात मशेरीच अधिक होती.

बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, ही समजूत चुकीची आहे. आहारात कमी पडले तर ते हाडांतून जाते. दात बिघडतात ते सारखे काहीतरी तोंडात टाकल्याने, डोहाळ्यांच्या चिंचा-कैऱ्यांनी आणि उलटीतल्या आम्लाने. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये; कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी.

‘पोटुशीने दात काढू नये’ हेही खरे नाही. सफाई, सिमेंट भरणे, दात काढणे, बधिरतेचे लिडोकेन इंजेक्शन, शिशाचा एप्रन घालून एक्स-रे, हे सारे चालते; चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. शेवटच्या महिन्यांत उताणे निजल्यास रक्तदाब उतरतो, म्हणून डाव्या कुशीकडे कलते ठेवतात. टेट्रासायक्लिन टाळावे, आणि विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेनही. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली दातदुखीची गोळी इथेच घात करते. हिरड्यांचा आजार व अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांचा संबंध १९९६ पासून चर्चेत आहे. मात्र २००६ च्या अमेरिकी चाचणीत हिरड्यांचे उपचार निर्धोक ठरले, पण अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे घटली नाहीत. तसे आश्वासन कोणी देऊ नये.

पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. दातांची तक्रार तिथेच सांगता येते. कातकरी वाड्यांतली कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. श्रावणात दिवस राहिलेल्या बाईचे उपचाराला सोयीचे तीन महिने भट्टीवरच सरतात.