शुक्रवारची गोळी

माझ्या लेकाच्या ल्युकेमियाच्या उपचारात शुक्रवार मिथोट्रेक्झेटचा. आठवड्यातून एकदाच, विसरायला नको आणि चुकून रोजही जायला नको, म्हणून कॅलेंडरवर मी शुक्रवारी हळदीचं बोट लावायची. एकदा त्याचं हिमोग्लोबिन उतरलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी मायेनं रक्तवाढीचं टॉनिक आणलं. वॉर्डातल्या सिस्टरांनी बाटलीवरचं वाचलं आणि ती बाजूला ठेवली. “यात फॉलिक ॲसिड आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.”

रक्त वाढवणारं औषध माझ्या मुलाला का चालत नाही? उत्तर शोधत गेले ती आमच्या परळातच येऊन पोचले.

१९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त आटत होतं. त्या काय खातात, याचा तिनं शोध घेतला. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिचं बरंच काम झालं. यीस्टच्या स्वस्त अर्कानं, मार्माइटनं, त्या बायका सुधारल्या. १९३१ मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. माझी पणजी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती. तिच्यासारख्या बायकांच्या उपासमारीतून हे ज्ञान आलं.

पुढे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडसारखी द्रव्यं दिली, तर आजार उलट भडकला. म्हणजे ल्युकेमियाच्या पेशी त्यावरच पोसत होत्या! मग ते तोडायचं. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फॉलिक ॲसिडचे तोतये बनवले. त्यातल्या अमिनोप्टेरिननं १६ पैकी १० मुलं सुधारल्याचं फार्बर यांनी १९४८ मध्ये मांडलं. ती सुधारणा थोडे महिनेच टिकली. पण वाट सापडली. मिथोट्रेक्झेट हे अमिनोप्टेरिनचंच भावंड.

हा तोतया पेशीतल्या एका एन्झाइमला चिकटून बसतो. खरं फॉलिक ॲसिड कामी येत नाही, नवा डीएनए बनत नाही, आणि भराभर वाढणारी पेशी मरते. तोंडाच्या आतल्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून माझ्या लेकाचं तोंड सोलून निघायचं. वरणभातसुद्धा झोंबायचा. कारण कळल्यावर त्याचं दुखणं कमी झालं नाही, पण माझी भीती ओसरली.

त्याचे उपचार संपले. अजूनही वॉर्डात जाते तेव्हा नव्या आयांना गोळीच्या पाकिटावर वार मोठ्या अक्षरांत लिहून देते. आणि घरात कुठलं टॉनिक आहे का, ते विचारते.