दोरी आणि कंदील

दिवाळीत आपण दारावर आकाशकंदील लावतो. जपानातही पूर्वी घरातल्या उजेडासाठी कागदी कंदील असे. त्याला तिकडे 'आंदोन' म्हणतात. पुढे हा शब्द घर सोडून कारखान्यात शिरला. आज पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत 'अ‍ॅजाइल', म्हणजे चपळ, या नावाने कामाची जी रीत चालते, तिचे एक मूळ मला या कंदिलापाशी सापडते. त्याचीच ही हकीकत.

साकिची टोयोडा हा १८६७ साली जन्मलेला सुताराचा मुलगा. घरातल्या बायका मागावर राबताना पाहून त्याने सुधारलेला लाकडी हातमाग घडवला आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले. पुढे त्याने असे यंत्रमाग केले की, धागा तुटला की माग आपोआप थांबे. तोपर्यंत तुटक्या धाग्यानिशी वारच्या वार कापड विणले जाई आणि ते टाळायला मागापाशी माणूस खिळून राही. १९२४ साली त्याचा प्रसिद्ध स्वयंचलित माग तयार झाला. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. याच घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला, तो टोयोटा.

टोयोडांच्या कापडाच्या कारखान्यातून १९४३ साली ताइइची ओनो हा गृहस्थ मोटारींकडे आला. मागाला जे साधते ते माणसाला का साधू नये, असा त्याचा विचार. पुढे मोटारींच्या रांगेवर दोरी आली. कामगाराला दोष दिसला की त्याने ती ओढायची. वर दिवा लागतो. त्या दिव्यांच्या फलकालाच 'आंदोन' म्हणतात. मुकादम धावत येतो. दोष तेवढ्यात निघाला तर ठीक, नाहीतर सगळी रांग थांबते.

वाचकहो, आपल्या स्वयंपाकघरात हा न्याय नवा नाही. पहिला अनारसा तुपात हसला, तर जाणती गृहिणी पुढचे दहा तसेच सोडत नाही. ती हात थांबवते, पीठ सारखे करते आणि मगच पुढचा घाणा घालते. घरात हे सोपे, कारण चूक जिला दिसते, थांबण्याचा अधिकारही तिचाच. मोठ्या कारखान्यात मात्र चूक दिसते खालच्या माणसाला आणि अधिकार असतो वरच्याला. सारी अडचण या अंतरात आहे.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी आणि तंटे यांसाठी तो बदनाम होता. काहीही होवो, रांग थांबता कामा नये, असा तिथला दंडक. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच घेतले, त्यातल्या अनेकांना शिकायला जपानला पाठवले आणि त्यांच्या हाती दोरी दिली. थोड्याच काळात तिथल्या मोटारी उत्तम म्हणून नावाजल्या आणि गैरहजेरी कुठल्या कुठे गेली. माणसे तीच होती. या भागीदारीतून जनरल मोटर्स २००९ साली बाहेर पडली. जनरल मोटर्सने आपले अधिकारी तिथे शिकायला धाडले होते. पण इतर कारखान्यांत तो गुण रुजवणे तिला फार वर्षे जड गेले. दोरी कुठेही टांगता येते. ओढणाऱ्याच्या मदतीला धावणारा मुकादम तयार व्हायला वेळ लागतो.

१९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी अशा चपळ कंपन्यांवर एक लेख लिहिला. त्यातली रग्बी खेळाची उपमा अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांनी उचलली आणि 'स्क्रम' ही कार्यपद्धती बेतली. मग फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा संस्थानातल्या स्नोबर्ड येथे सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा : साधनांपेक्षा माणसे, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे काम, करारापेक्षा गिऱ्हाइकाशी सहकार्य आणि आखलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद मोलाचा. दुसऱ्या बाजूलाही किंमत आहे, हे त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले.

माझा एक भाचा हिंजवडीला संगणकाच्या कामावर आहे. त्याच्या कचेरीत रोज सकाळी सारे पंधरा मिनिटे उभ्याने जमतात. काय झाले, आज काय करायचे, कुठे अडले, हे प्रत्येकाने सांगायचे. "मग सांगता का रे?" मी विचारले. तो म्हणाला, "मामा, अडलंय म्हटलं की साहेब विचारतात, 'कोणामुळे?' म्हणून सगळे म्हणतात, 'ठीक चाललंय.'"

तिथे सभा आहे, फलक आहे, रंगीत चिठ्ठ्याही आहेत. पण दोरी ओढायची हिंमत कोणाला नाही. जाहीरनाम्यातली मूल्ये पाळली जातात की नाही, हे मला तरी एवढ्यावरूनच ओळखावेसे वाटते : सर्वांत धाकट्या माणसाने "थांबा" म्हटल्यावर वरिष्ठाच्या तोंडून "कोणी केले?" निघते, की "काय झाले, चल, पाहू" निघते? हा दुसरा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, की जपानलाही जावे लागत नाही. सुट्टी संपून कचेरी उघडेल, त्या पहिल्याच सकाळी तो विचारून पाहावा.