शिंदळ माकुडी

शिंदळ माकुडी (फ्रेरिया इंडिका): रुईच्या कुळातील मांसल, बहुवर्षायू वनस्पती. रानात ती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्री आणि त्याच्या फाट्यांवरील काळ्या कातळकड्यांत आढळते. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड आणि महाबळेश्वर ही तिची परिचित ठिकाणे. १८६० च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. अलीकडच्या वर्गीकरणात ती बाउसेरोशिया या वंशात धरली जाते. माकडशिंगासारख्या तिच्या नात्यातल्या बहुतेक वनस्पतींना खरी पाने नसतात. हिला मात्र पावसाळ्यात जाडसर पाने फुटतात आणि कोरड्या दिवसांत ती गळून पडतात. मग कड्यावरून लोंबणारी हिरवी खोडेच साठवलेल्या पाण्यावर तग धरतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिवळ्या छटा मिरवणारी गर्द तांबडी, चांदणीच्या आकाराची फुले येतात.

तिच्या दुर्मिळतेचे कारण वनस्पतीत शोधण्यापेक्षा जागेत शोधावे, असे पुरावा सांगतो. खोडाचा तुकडा मातीत सहज रुजतो, आणि देशोदेशीचे छंदिष्ट ती कुंडीत वाढवतात. तेव्हा ती संकटात कशी, हा आक्षेप वाजवी आहे. पण छाटणीतून आलेली सगळी रोपे मूळ रोपाचीच प्रतिरूपे असतात. कड्यावरचे परागीभवन, वाऱ्यावर जाणारे शेंडीदार बी आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे वैविध्य कुंडीत येत नाही. अमेरिकेतील नेव्हाडात टीम्स बकव्हीट या कुट्टूच्या कुळातील रानवनस्पतीबाबत हाच पेच आहे. लिथियम आणि बोरॉनयुक्त मातीच्या चिमूटभर पट्ट्यावरच ती वाढते आणि त्याच पट्ट्यात खाणीचा प्रस्ताव पुढे आला. २०२२ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवताना तिथल्या सरकारला तिच्या जमिनीचाही विचार करावा लागला.

दुसरा आक्षेप असा की नवनवी ठिकाणे सापडत असल्याने काळजीचे कारण उरत नाही. ठिकाणे वाढली हे खरे, पण एकेका ठिकाणी हाती लागतात त्या थोड्याशा कपारी. दरड कोसळणे, वणवा, चराई किंवा संग्राहकाची एक फेरी एवढ्यानेही त्या रिकाम्या होऊ शकतात. जागा राखण्याचा मार्ग आपल्याला अनोळखी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी नष्ट करण्यावर राज्यभर बंदी घातली, तेव्हा झाडांभोवतीचा पट्टाही संरक्षणात घेतला. खाडीकाठाला लागू असलेली ही दृष्टी कड्यांनाही लावता येईल. माकुडीची काही ठिकाणे किल्ल्यांवर आहेत; तिथल्या कामात लक्ष वास्तूकडे असते आणि तटावरची झुडपे काढणे हा डागडुजीचाच भाग असतो. म्हणून काम सुरू होण्याआधी, फुलांच्या हंगामात, माकुडीच्या कपारी नकाशावर नोंदवून तेवढा भाग वगळायला हवा.