कॅनन, निकॉन आणि सात नंबरचं लेणं

मंडळी, आज महापालिकेला आणि पाणीप्रश्नाला सुट्टी. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या शहरात दोन फोटोग्राफर एकत्र आले की पाचव्या मिनिटाला एक वाद सुरू होतो. कॅनन की निकॉन? नवरीच्या चेहऱ्याचा रंग कॅननमध्येच खुलतो म्हणे. दुसरा म्हणतो, अंधाऱ्या मंगल कार्यालयात निकॉनच तारतो. क्रांती चौकात मोर्चा असो की सुभेदारी विश्रामगृहावर पत्रकार परिषद, वीसेक वर्षं मी हे ऐकतोय. या जिल्ह्यात पाच वर्षांत तीन पक्ष बदललेले पुढारी मी पाहिलेत, पण कॅमेऱ्याची कंपनी बदललेला फोटोग्राफर क्वचितच. या निष्ठेचा इतिहास जरा उकरून पाहिला, तर त्याचा एक धागा थेट आपल्या डोंगरापर्यंत येतो.

१९३३ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी भागात काही मंडळींनी एक छोटी प्रयोगशाळा काढली. जर्मनीच्या लायकासारखा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा जपानमध्ये बनवायचा, हे वेड. त्यातले गोरो योशिदा बौद्ध श्रद्धेचे. त्यांनी १९३४ मध्ये आपल्या नमुना कॅमेऱ्याला नाव दिलं 'क्वानॉन'. बोधचिन्हात हजार हातांची देवता आणि भोवती ज्वाळा. लेन्सचं नाव 'कश्यप', म्हणजे बुद्धाचे शिष्य महाकाश्यप. पुढे जगभर विकायला सोपं जावं म्हणून १९३५ मध्ये 'कॅनन' हे नाव नोंदवलं गेलं.

आता ही क्वानॉन कोण? जपानी लोक तिला कान्नोन म्हणतात, चीनमध्ये ती ग्वानयिन. मूळ आपलं: अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी, तोच हा. आणि अजिंठ्यापर्यंत जायचीही गरज नाही. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, औरंगाबाद लेण्यांमध्ये सात नंबरच्या लेण्यात तो उभा आहे. दोन्ही बाजूंना चार-चार चौकटी. आगीत सापडलेले, जहाज बुडणारे, सिंह आणि पिसाळलेला हत्ती अंगावर आलेले, बेड्या पडलेले लोक त्याचा धावा करताहेत. मी गेलो तेव्हा समोर चार पोरं गळ्यात कॅमेरे अडकवून उभी होती, दोघांच्या पट्ट्यावर याच देवाचं नाव. त्यांना सांगितलं तर म्हणाली, "काका, व्हॉट्सअॅपवरचं का?" नाही बाबांनो, कंपनी स्वतःच्या इतिहासात हे अभिमानाने सांगते.

निकॉनवाल्यांनी लगेच खट्टू होऊ नये. कॅननचा पहिला बाजारात आलेला कॅमेरा, 'हान्सा कॅनन', १९३६ च्या सुमाराचा. त्याची लेन्स कोणाची होती? निक्कोर! म्हणजे निप्पॉन कोगाकु या कंपनीची, जी आज निकॉन म्हणून ओळखली जाते. कॅननकडे तेव्हा स्वतःची लेन्स नव्हती, निकॉनकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता. तो आला १९४८ मध्ये. ज्या दोन घरांच्या नावाने आपले लोक मांडवात भांडतात, त्यांची पहिली पंगत एकाच ताटात झाली होती.

निकॉनचं नाव जगभर पोचलं ते युद्धामुळे. १९५० मध्ये लाइफ मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. तिथे त्यांनी निक्कोर लेन्स पाहिल्या, आपल्या लायकाला लावल्या आणि कोरियाच्या आघाडीवर गेले. फोटो न्यूयॉर्कला पोचले तेव्हा तिथल्या लोकांना त्यांची धार दिसली. बातमीदार-छायाचित्रकार आणि निकॉन ही जोडी तिथून जमली. आपल्याकडे पेपरवाल्यांच्या खांद्यावर एफएम-२ दिसायचा, त्यामागे ही परंपरा.

पण खरं सांगू का, रोलच्या काळात आपल्या सामान्य माणसाची निष्ठा कॅमेऱ्यावर नव्हतीच. घरात आग्फा क्लिक, नाहीतर यशिका, नाहीतर दुबईहून आलेला काहीतरी. निष्ठा होती रोलवर आणि लॅबवर. पिवळी पाटी कोडॅकची, हिरवी फुजीची, निळी कोनिकाची. "आमच्याकडे कोडॅकच" असं लोक दुधाच्या डेअरीबद्दल सांगावं तसं सांगायचे. सरकारनेही १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स काढली होती, तिची 'इंदू' फिल्म जुन्या स्टुडिओवाल्यांना आठवत असेल. छत्तीस फोटोंचा हिशोब करून वापरायचे दिवस होते ते. मी डिप्लोमा करत होतो तेव्हा प्रॅक्टिकलला एका रोलमध्ये चौघं जण, प्रत्येकाच्या वाट्याला नऊ फोटो.

डिजिटल आलं आणि रोल गेला, मग निष्ठा बॉडीवर आणि लेन्सवर चढली. माझ्या मते गोम इथे आहे. लोक समजतात हा प्रेमाचा मामला आहे. प्रेम असेल थोडं, पण मूळ कारण 'माउंट'. म्हणजे लेन्स जिथे बॉडीला बसते ती खाच. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीला सरळ बसत नाही. निकॉनची लेन्स एका बाजूला फिरवून बसवायची, कॅननची नेमकी उलट. झूमची रिंगसुद्धा उलटी फिरते. वरमाला गळ्यात पडायच्या क्षणी हात विचार करत बसत नाही, सवयीने फिरतो. चुकीच्या बाजूला फिरला की क्षण गेला, आणि लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

शिवाय उसनवारी. सिल्लोड, कन्नड, वैजापूरचा फोटोग्राफर एकटा सगळ्या लेन्स घेऊ शकत नाही. मोठ्या तिथीला मित्राची लांब पल्ल्याची लेन्स आणायची, त्याच्या तारखेला आपला फ्लॅश द्यायचा. ज्या गावात पहिल्या सीनियरने कॅनन घेतला, त्या गावात त्याची सगळी पोरं कॅननवर. ज्याने निकॉन घेतला, तिथे निकॉन. याला कोणी ब्रँडनिष्ठा म्हणो, मी सोयरीक म्हणतो. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यानंतर आपल्याकडे घरोघरी बजाज दिसायला लागली, ती काय जाहिरात बघून? कोणाचा तरी भाचा कंपनीत होता.

आता प्रश्न असा, की आपण एवढे निष्ठावान, पण कंपन्या?

कॅननने १९८७ मध्ये नवी ईओएस मालिका आणली आणि खाचच बदलली. जुन्या एफडी लेन्स घेतलेले व्यावसायिक जगभर चिडले. निकॉनने मात्र १९५९ ची एफ खाच सोडली नाही, हे निकॉनवाले आजही छाती फुगवून सांगतात. पण २००६ चा स्वस्त डी-४० आठवा. खाच तीच, पण बॉडीतली फोकसची मोटर काढून टाकलेली. नवशिक्या पोरांनी स्वस्तातली पन्नास एमएम डी लेन्स घेतली आणि घरी येऊन कळलं की फोकस हाताने करावा लागतो. कॅननची पन्नास एक-पॉइंट-आठ मात्र कोणत्याही ईओएसवर चालायची. तालुक्याच्या गावांत कॅनन एवढा पसरला त्यात या छोट्याशा, प्लॅस्टिकच्या लेन्सचा वाटा मोठा आहे. मग २००८ मध्ये फाइव्ह-डी मार्क टू फुल एचडी व्हिडिओ घेऊन आला आणि लग्नाचे व्हिडिओवालेही तिकडे वळले.

आणि २०१८. आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांत सोनी २०१३ पासूनच पुढे गेली होती, म्हणून दोघांनीही एकाच वर्षी नवी खाच आणली. निकॉनची झेड, कॅननची आरएफ. अॅडॅप्टर दिले, नाही असं नाही. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स त्यावर चांगल्या चालतात. निकॉनच्या अॅडॅप्टरमध्ये मोटरच नाही, म्हणजे जुन्या डी लेन्सचा ऑटोफोकस गेला. एकोणसाठ वर्षं सांभाळलेल्या खाचेचा निरोप असा. तिकडे कॅननने बाहेरच्या कंपन्यांना आरएफच्या ऑटोफोकस लेन्सची दारं बराच काळ बंद ठेवली, सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळाला थेट २०२४ मध्ये.

यात भरडला जातो तो हप्त्यावर कॅमेरा घेणारा. दोन सीझनची कमाई एका बॉडीत जाते. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, थोडा श्वास मिळाला. पण दुरुस्तीचं काय? माझ्याच कॅमेऱ्याचं शटर गेलं तेव्हा कंपनीने (नाव घेत नाही) सात आठवडे ठेवून घेतला आणि नव्या किट लेन्सएवढं बिल लावलं. आपल्या गल्लीतला कारागीर हे दोन दिवसांत करू शकतो, त्याला अस्सल सुटा भाग मिळत नाही एवढंच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चं पोर्टल काढलं, तिथे मोबाइल, ट्रॅक्टर, गाड्या, फ्रीज वगैरे आहेत. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि सुटे भाग द्यायची सक्ती करणं वेगळं. फोटोग्राफर संघटनांनी खासदारांकडे कधी मागणी करायची असेल, तर ही करावी. निवेदनात कॅनन-निकॉन दोघांच्याही सह्या चालतील.

नाव मोठं म्हणून कंपनी टिकते, असंही नाही. कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता, एक फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागायचे. तीच कोडॅक जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात उभी होती. आज कोडॅक नावाचे टीव्ही आपल्याकडे विकले जातात, बनवणारी कंपनी वेगळीच, नाव परवान्यावर. पैठण रोडवर चितेगावच्या व्हिडिओकॉनबद्दल मी काय सांगू? या शहरातल्या कितीतरी घरांत टीव्ही म्हणजे व्हिडिओकॉनच होता. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कामगारांची घरं आजही तिथेच आजूबाजूला आहेत.

रॉबर्ट गिल आठवतो अशा वेळी. १८४४ पासून अजिंठ्याची चित्रं नकलून काढणारा. त्यातली बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण त्याने कॅमेऱ्यानेही लेणी टिपली होती, ते फोटो १८६४ मध्येच पुस्तकांत छापले गेले होते, ते राहिले. अभ्यासक आजही ते बघतात. कॅमेरा कोणत्या कंपनीचा, हे विचारताना मी कोणाला ऐकलं नाही.

आता काम सांगतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातले गुलमंडी, पैठण गेट, शहागंज, जुनं सिडको यांचे निगेटिव्ह कोणाच्या माळ्यावर असतील तर दिवाळीच्या सफाईत भंगारात देऊ नका. मला कळवा, स्कॅन करून परत देतो. पट्टीच्या कडेला रोलच्या कंपनीचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेही वाचून लिहा. कोडॅक जास्त निघतात की कोनिका, बघू.