सहवासहानीची भरपाई

अपघातात माणूस दगावल्यावर त्याची माया, सोबत आणि आधार यांना मुकलेल्या जवळच्या नातलगांना मिळणारी भरपाई. बुडालेल्या कमाईची भरपाई याहून वेगळी असते.

ब्रिटिश अमदानीतल्या 1855 च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली न्यायालये फक्त आर्थिक नुकसान मोजत. शोकाला त्यात जागा नव्हती. इंग्लंडने 1982 च्या कायद्याने शोकासाठी ठराविक रक्कम ठरवली. भारतात हे काम मोटार अपघातांच्या निकालांनी केले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात (31 ऑक्टोबर 2017) सहवासहानीपोटी 40,000 रुपये ठरवले आणि दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ सांगितली. 2023 पासून हा आकडा 48,400 होतो. 2018 च्या मॅग्मा निकालाने पती-पत्नींबरोबरच मुले आणि आईवडील यांचाही हक्क मान्य केला. प्रेम-जिव्हाळा गमावल्याबद्दल आणखी वेगळी रक्कम देता येणार नाही, असे 2020 मध्ये सतिंदर कौर प्रकरणात ठरले.

उदाहरणार्थ, मुंबईत विलेपार्ल्यातून पश्चिम द्रुतगती महामार्ग जातो. तेथे वाहनाच्या धडकेने घरातला कर्ता माणूस गेला आणि मागे पत्नी, दोन मुले व आईवडील राहिले, तर पाच जणांचे मिळून 2,42,000 रुपये होतात. किती रडलात, हे कोणी विचारत नाही. नाते सिद्ध झाले की पुरते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणाकडेही जाता येते.

लोकलमधून पडून प्रवासी दगावल्यास वाट रेल्वे दावा न्यायाधिकरणाची. तेथे 1 जानेवारी 2017 पासून एकरकमी 8 लाख रुपये मिळतात. त्यात दुःखाचा वेगळा हिशेब नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पार्ल्यात टॅक्सीत स्फोट झाला. अशा दहशतवादी हल्ल्यांतल्या मृतांच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र साहाय्य योजना आहे.

मानसिक धक्क्याने जडलेला आजार हा वेगळा दावा असून त्याला वैद्यकीय पुरावा लागतो.

एकुलते लेकरू गमावलेल्या आईलाही तेच 48,400 रुपये मिळतात, आणि ते फार तोकडे आहेत. तरी हक्क सोडू नये: अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा आणि त्यात प्रत्येक वारसाचे नाव व नाते वेगवेगळे लिहावे.